घर्षण नगण्य माना

पहिलंच वाक्य ऐकून मला हसू फुटलं.
'दोर वजनरहित आहे, कप्पीला घर्षण नाही, असे माना.'
मानलं, मरेखी, मानलं.
पण या दोराला सव्वीस वर्षं ग्रीस मी लावते आहे.
बोटांच्या चिरांत जे काळं बसलंय
ते माझ्या बापाच्या चाळिसाव्याच्या जेवणालाही,
पाहुण्यांपुढे, निघालं नव्हतं.

चिआतुराची शाळा खाली, क्विरिलाच्या काठी.
तिचं घर वर, खाणीच्या वस्तीत.
मधे माझा पाळणा: पत्र्याचा, दोन खिडक्या, एक बाक.
चढायला सहा मिनिटं.
सहा मिनिटांत तिचं एक गणित होतं;
अवघड असलं तर मी दाराची कडी जरा सावकाश लावते.

माझी शाळा आठवीत सुटली. सूत्रं मला येत नाहीत.
मी फक्त विचारते:
दिलंय काय? काढायचंय काय? एकक लिहिलंस?
एवढं विचारणारं कुणी शेजारी असलं
की निम्मं गणित आपोआप सुटतं, असं ती म्हणते.

आजचं: 'पाळण्याचे वस्तुमान सहाशे किलोग्रॅम.
तो एकसमान वेगाने वर जात आहे. निव्वळ बल काढा.'
तिने दोराचा ताण लिहिला, खोडला, परत लिहिला.
उत्तर आलं शून्य.
"शून्य कसं? हलतोय ना आपण?"
मी खिडकीबाहेर पाहिलं.
समोरून जुंबेरचा पाळणा उतरत होता.
तो उतरतो म्हणून मी चढते, मी उतरते म्हणून तो.
रोज मधोमध गाठ, एक हात वर, झालं.
"असेल बरोबर," म्हटलं. "शून्यावरही पुष्कळ चालतं."

आणि वीज गेली.

या हिवाळ्यात हे रोजचंच,
पण आज नेमके मधोमध:
दोन्ही पाळणे शेजारी शेजारी,
हात लांबवला तर वीतभर कमी पडेल एवढ्यावर.
खाली ऐंशी मीटर हवा
आणि मॅंगनीजने काळवंडलेली नदी.
"ऐंशी मीटर," मरेखी म्हणाली, "म्हणजे चार सेकंद."
"ते गणित नको," मी म्हटलं.

मग तिने रसायनाची वही काढली.
मॅंगनीज डायऑक्साइड, अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल;
बाण;
मॅंगनीज क्लोराइड, पाणी, क्लोरीन.
संतुलित करा.
आम्लाचे दोन घालून पाहिले, क्लोरीन पुरेना.
तीन घातले, हायड्रोजन विषम.
गारठलेल्या बोटांवर फुंकर, पुन्हा खोडरबर.

"चार!" पलीकडून जुंबेर ओरडला.
कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचा तो,
कारखाना होता तेव्हा.
"आम्लाचे चार घे! दोन मॅंगनीजपाशी राहतात,
दोन हवेत जातात!"

तिने लिहिलं. डावीकडचं उजवीकडे मोजलं.
जमलं.
जुंबेर तिकडे बघतच नव्हता.
चार मुलगे त्याचे. दोन इथेच, खाणीत.
दोघांचं पत्र सप्टेंबरपासून नाही.
समीकरणात कुणी हरवत नाही, हे त्याला ठाऊक असावं;
नाहीतर एवढ्या मोठ्यांदा तो ओरडला नसता.

बऱ्याच वेळाने मी विचारलं,
"घर्षण नगण्य नाही मानलं, तर?"
"मग सुटत नाही, गुलनाझी मावशी.
तेवढं आम्हाला अजून शिकवलेलं नाही."

चाळीस मिनिटांनी दोर थरथरला.
वरची कप्पी किंचाळली, ग्रीस मागत.
जुंबेरने हात वर केला, मी केला,
तो खाली, मी वर.

वर पोचलो. मरेखी वही दप्तरात कोंबत होती.
"थांब," म्हटलं, "त्या शून्याचं एकक?"
ती दारात अडली, ओठ चावत.
"न्यूटन," म्हणाली,
आणि वही परत कोण काढतंय म्हणून
पाळण्याच्या पत्र्यावरच पेन्सिलीने लिहून गेली.